रंगमंच प्रश्नोत्तरे : ‘एकच प्याला’ दोन तासांत, आणि इतर प्रश्न

सामाजिक नाटक बसवणाऱ्या वाचकांचे प्रश्न या अंकात घेतले आहेत. पहिल्या प्रश्नाचा पसारा मोठा असल्यामुळे त्याला जागाही जास्त दिली आहे.

राम गणेश गडकऱ्यांनी आमच्या सावनेरात देह ठेवला. त्यांच्या पुण्यतिथीला ‘एकच प्याला’ करायचं मंडळाने ठरवलंय. पण पाच अंक आता कोणी बसून पाहणार नाही. दोन तासांत बसवता येईल का? हक्क, परवानगी कोणाकडून घ्यायची? – नाट्यमंडळाचे कार्यकर्ते, सावनेर

जरूर बसवा. गडकरी २३ जानेवारी १९१९ रोजी सावनेरात गेले आणि महिनाही उलटला नव्हता तोच, २० फेब्रुवारीला, गंधर्व नाटक मंडळीने बडोद्याला या नाटकाचा पहिला प्रयोग केला. सुधाकर या वकिलाच्या दारूपायी झालेल्या नाशाचं हे नाटक. बालगंधर्व त्याची बायको सिंधू होते, गणपतराव बोडस सुधाकर. लेखकाला तो प्रयोग पाहायला मिळाला नाही. त्याच्या अखेरच्या गावात हे नाटक उभं राहावं ही इच्छा अगदी रास्त आहे.

आधी हक्कांचं पाहू. आपल्याकडे लेखकाचा हक्क त्याच्या हयातीत आणि निधनाच्या पुढच्या वर्षापासून ६० वर्षं असतो. गडकऱ्यांची मुदत केव्हाच संपली. पदं मात्र विठ्ठल सीताराम गुर्जरांची आहेत. त्यांचं निधन १९६२ चं, म्हणजे २०२३ पासून तीही मोकळी झाली. तरी दोन ठिकाणी सांभाळा. अलीकडे कोणी केलेली रंगावृत्ती, म्हणजे प्रयोगासाठी संपादित केलेली संहिता, घेणार असाल तर ती त्या संपादकाची आहे, त्याची लेखी संमती हवी. आणि ध्वनिमुद्रिकेवरचं गाणं प्रयोगात वाजवणार असाल तर ध्वनिमुद्रणाचा हक्क वेगळा असतो. मूळ छापील पुस्तकावरून स्वतः काटछाट केलीत आणि पदं रंगमंचावर गायलीत, की दोन्ही अडचणी सुटतात.

संहिता महाराष्ट्र रंगभूमी प्रयोग परिनिरीक्षण मंडळाकडून प्रमाणित करून घ्यावी लागते. अनेक मंडळं इथे घोटाळा करतात. पूर्ण पुस्तक पाठवतात आणि प्रयोग कापलेल्या संहितेचा करतात. जे रंगमंचावर बोललं जाणार आहे तेच, त्याच क्रमाने, टंकलिखित पाठवा, आणि तालमीत कापाकापी पूर्ण झाल्यावरच पाठवा. प्रमाणपत्रानंतर वाक्यं घालता येत नाहीत. त्यामुळे प्रयोगाआधी किमान दोन महिने संहिता पक्की झालेली असावी.

आता काटछाट. चौदा आकाराच्या अक्षरात टाइप केलेलं गडकऱ्यांचं एक पान बोलायला साधारण सव्वा ते दीड मिनिट लागतं. दोन तासांतून पदांची बारा मिनिटं आणि मुक्या हालचालींची आठ-दहा मिनिटं वजा करा. हातात पंचाहत्तरच्या आसपास पानं उरतात. ती अंकांत सारखी वाटू नका. पहिल्या तीन अंकांना मिळून तासाभराहून थोडा जास्त वेळ द्या आणि मध्यंतर तिसऱ्यानंतर ठेवा. चौथा आणि पाचवा प्रत्येकी अठ्ठावीस मिनिटांच्या खाली आणू नका. सुधाकराची घसरण प्रेक्षकाला अंगावर घ्यायला तेवढा वेळ लागतोच.

सर्वांत आधी कात्री चालवायची ती उपमांच्या माळांवर. गडकरी एका कल्पनेवर पाच-पाच दृष्टांत रचतात. त्यातला पहिला आणि शेवटचा ठेवा, मधले काढा. वाक्याचा चढ कायम राहतो आणि नटाचा श्वासही वाचतो. आर्य मदिरामंडळाच्या, म्हणजे नाटकातल्या दारुड्यांच्या मंडळाच्या, बैठकीत पात्रं बरीच आहेत, ती चारांवर आणा. सुधाकराला दारूकडे नेणाऱ्या तळीरामाच्या आजारपणातला डॉक्टर आणि वैद्यांचा प्रसंग चार मिनिटांत आटपतो. रामलाल, शरद, भगीरथ यांचं उपकथानक निम्म्यावर येऊ शकतं. पण शरदला पूर्ण काढू नका. ती बालविधवा आहे, सुधाकराची बहीण आहे आणि त्याच घरात राहते. ती नसली की सिंधूचं दुःख फक्त नवऱ्याच्या दारूचं उरतं आणि त्या घरातल्या बाईच्या जातीला एकूण वाटाच किती होता, हे दिसेनासं होतं.

हात लावू नका अशा जागा सांगतो. न्यायालयातला अपमान आणि वकिलीची सनद जाणं. तळीरामाने हातात दिलेला पहिला पेला. सुधाकराची दारू सोडण्याची धडपड. जात्यावरचा प्रसंग. काठीचा प्रसंग. आणि शेवटची सिंधूची फौजदारापुढची खोटी जबानी. यातली तिसरी जागा कापण्याचा मोह हमखास होतो, कारण तिथे टाळी नाही आणि हशाही नाही. तळीरामाचे विनोद हशा घेतात म्हणून राहतात आणि सुधाकराचे सुटकेचे प्रयत्न गळतात. मग पूर्वार्ध फार्स होतो, उत्तरार्ध प्रवचन, आणि मधला माणूस नाहीसा. गडकऱ्यांचा सुधाकर हुशार, मानी आणि चांगला माणूस आहे. तो पुन्हा उभा राहू पाहतो हे दिसलं तरच तो पडल्याचं प्रेक्षकाला लागतं.

पदं पाच पुरेत, प्रत्येक अडीच मिनिटांची. ‘कशि या त्यजू पदाला’ आणि ‘घास घे रे तान्ह्या बाळा’ ही ठेवाच. पहिल्यात सिंधूचा निर्धार आहे, दुसऱ्यात घरातली भूक. गायिका तयारीची असली की आलापी वाढत जाते. तालमीपासूनच घड्याळ लावून गाऊ द्या.

जात्याविषयी दोन शब्द. खरं जातं आणा. लाकडी रंगमंचावर त्याखाली दुहेरी गोणपाट किंवा रबरी चटई घाला. नाहीतर सगळी फळी घुमते आणि पुढच्या जमिनीवरच्या माइकला तेवढंच ऐकू येतं. रिकामं जातं फिरवू नका, आवाज कर्कश येतो आणि टाके झिजतात. मूठभर ज्वारी घातली की आवाज दबतो आणि सिंधूच्या हातालाही खरा भार लागतो.

शेवटी एक कळकळीची विनंती. नाटकाच्या अखेरीस व्यसनमुक्तीचं भाषण जोडू नका आणि नटांकडून शपथ घेववू नका. मेलेल्या बाळापुढे आणि मरणाऱ्या सिंधूपुढे कोणाचंही भाषण उणंच पडतं. व्यसनमुक्ती केंद्राची माहिती द्यायचीच असेल तर बाहेर दाराजवळ टेबल मांडा, माहितीपत्रकं ठेवा, तिथे बोलायला एक जाणता माणूस बसवा. ज्याला हवं तो थांबून विचारतो, आणि असे लोक थांबतातच.

आणि प्रयोग उघड्यावर असेल तर जानेवारीतली थंडी लक्षात घ्या. साडेसहाला सुरू करून नऊच्या आत संपवा, नाहीतर म्हातारी माणसं चौथ्या अंकाला उठून जातील.

याच नाटकात सुधाकर करतोय. झिंगलेला दाखवायला गेलो की तालमीत सगळे हसतात. काठीच्या प्रसंगाची तर भीतीच वाटते. – एक नट, कामठी

हसतात, कारण तुम्ही झोकांड्या खाऊन दाखवता. दारू प्यालेला माणूस आपण शुद्धीत आहोत हे दाखवण्यासाठी जिवापाड धडपडत असतो, आणि ती धडपड म्हणजेच अभिनय. चालताना तो पाऊल मुद्दाम नीट टाकतो. बोलताना जोडाक्षरं जपून उच्चारतो आणि नेमका एका ठिकाणी अडखळतो. खुर्चीवर बसण्याआधी हाताने ती चाचपतो. नजर एका गोष्टीवरून दुसरीवर न्यायला त्याला क्षणभर जास्त लागतो. सुरुवातीच्या प्रसंगात यातली एकच खूण घ्या, पुढच्यात दोन, शेवटी सगळ्या. पहिल्या पेल्यानंतर तर काहीच दाखवू नका. फक्त खांदे सैल सोडा. अपमानाने ताठलेला माणूस सैल झाला, एवढंच प्रेक्षकाला दिसू द्या. त्या पेल्याची ओढ कशाची आहे ते त्यातून कळतं.

पेल्यात कोरा चहा गाळून, गार करून घ्या. फसफसणारी पेयं नकोत. मोठ्या स्वगतात ढेकर येतो आणि घसा चिकटतो. जाड बुडाचा पेला वापरा, त्यात वीस-तीस मिलिलिटर पुरतं. दर वेळी साठ ओतलंत तर प्रयोगभरात अर्धा लिटरच्या पुढे पोटात जातं आणि पाचव्या अंकात त्याचा त्रास होतो. पेला फेकायचा असेल तर तो काचेचा नको. रंगमंचावर नंतर सिंधू पडणार आहे, आणि ती अनवाणी असते.

बाटल्या सरबताच्या, लेबल काढलेल्या घ्या. वर्धा आणि गडचिरोली जिल्ह्यांत दारूबंदी आहे. तिकडे प्रयोग न्यायचा असेल तर विदेशी दारूच्या लेबलांच्या रिकाम्या बाटल्या गाडीत ठेवणं म्हणजे नाक्यावर तास-दोन तास गमावणं.

काठीचा प्रसंग चार मात्रांत बांधा. एक, काठी वर. दोन, सिंधूशी नजर. तीन, काठीचा फेरा. चार, तिचं पडणं. दोघांत काठीच्या लांबीपेक्षा हातभर जास्त अंतर हवं आणि फेरा तिच्या अंगामागून, प्रेक्षकांच्या विरुद्ध बाजूने जायला हवा. तिसरी मात्रा सुरू करायची की नाही हे सिंधू ठरवते, सुधाकर नाही. तिने डोळ्यांनी होकार दिला तरच काठी फिरते. चुकून ती जागेवर नसली तर तुम्ही काठी टाकून द्यायची आणि पुढचं वाक्य घ्यायचं, हेही तालमीत ठरवून ठेवा. आवाज विंगेतून लाकडावर लाकूड मारून काढा. तो माणूस काठीकडे न बघता सिंधूच्या खांद्याकडे बघून वाजवेल तर वेळ चुकत नाही. पहिला आठवडा हा प्रसंग निम्म्या वेगाने करा, मग पाऊण. पूर्ण वेग रंगीत तालमीतच.

बाळाच्या दुपट्यात अडीच-तीन किलो तांदळाची पिशवी गुंडाळा. नुसत्या उशीला कोणी बाळासारखं धरत नाही. मानेला आधार द्यायला हात आपोआप जात नाही आणि शेवटच्या रांगेलाही ते खोटं दिसतं.

सिंधू सगळं मुकाट सोसते, मरतानाही नवऱ्याला वाचवायला खोटं बोलते. आमच्या कॉलेजच्या मुली हे नाटक करायला तयार नाहीत. सिंधूला बंडखोर करता येईल का? – विद्यार्थिनी, धरमपेठ

मुलींचा राग खरा आहे आणि तो प्रयोगात यायला हवा. पण सिंधूच्या तोंडी नवी वाक्यं घालून नव्हे. गडकऱ्यांनी तो आवाज गीतेला दिलेला आहे. तळीरामाची बायको त्याच्या तोंडावर सुनावते. आजवरच्या प्रयोगांत गीता बहुधा विनोदी बाई म्हणून उरकली जाते, तिथेच तिचं नुकसान होतं. तुमच्यातली सर्वांत दमदार अभिनेत्री गीतेला घ्या, तिची वाक्यं कापू नका आणि सिंधूच्या प्रसंगांत, बोलणं नसेल तिथेही, तिला रंगमंचावर राहू द्या. एक सोसणारी आणि एक पाहणारी, अशा दोघी दिसल्या की प्रश्न प्रेक्षकांपुढे येतो. शेवटची जबानी सिंधूने रडत देऊ नये. शांत, स्पष्ट आवाजात, फौजदाराकडे बघून द्यावी. ती काय करते आहे ते तिला पक्कं ठाऊक आहे, हे दिसलं म्हणजे ते प्रेक्षकाला जास्त बोचतं.

तरी मुलींना नकोच असेल तर जबरदस्ती करू नका. देवलांचं ‘संगीत शारदा’ १८९९ चं. म्हाताऱ्याशी लावलेल्या कोवळ्या मुलीच्या लग्नावरचं. त्यानंतर ३० वर्षांनी, १९२९ मध्ये, बालविवाह रोखणारा कायदा आला आणि त्यात मुलीचं वय १४ धरलं गेलं. मामा वरेरकरांचं ‘हाच मुलाचा बाप’ हुंड्यावर आहे. वरेरकर १९६४ मध्ये गेले, त्यामुळे २०२५ पासून त्यांची नाटकंही मोकळी आहेत. कॉलेजांनी याचा फायदा घ्यायला हवा. तेंडुलकरांचं नाटक हवं असेल तर मात्र रीतसर परवानगी काढा. त्यांच्या लेखनावरचा हक्क २०६८ अखेरपर्यंत आहे.

१४ एप्रिलच्या निमित्ताने वस्तीतल्या मैदानात प्रेमानंद गज्वींची ‘घोटभर पाणी’ करायची आहे. हॉल नाही, पैसे नाहीत. काय काय लागेल? – युवक मंडळ, इंदोरा

लेखकाची लेखी परवानगी, हे पहिलं. फुकट प्रयोग असला तरी ती लागते. गज्वी मूळ विदर्भातले, आणि २०१९ मध्ये नागपुरात भरलेल्या ९९व्या अखिल भारतीय मराठी नाट्यसंमेलनाचे अध्यक्ष तेच होते. १९७० च्या दशकात लिहिलेल्या या एकांकिकेला नेपथ्य जवळजवळ लागतच नाही. वस्तीसाठी तिची निवड अगदी योग्य आहे.

मैदानात एखाद्या घराच्या किंवा शाळेच्या भिंतीकडे नटांची पाठ ठेवा. भिंत आवाज पुढे फेकते. मोकळ्यावर चारी बाजूंनी प्रेक्षक बसवले तर निम्म्या लोकांना कायम पाठ दिसते. अर्धवर्तुळात बसवा, पहिली रांग जमिनीवर, मागे खुर्च्या, त्यामागे उभे. माइकशिवाय आठ-दहा मीटरपलीकडे एप्रिलच्या वाऱ्यात शब्द पोचत नाही. वर टांगलेले माइक वाऱ्यात खडखडतात. पुढे जमिनीवर दोन माइक ठेवा, खाली फोमचा तुकडा आणि वरून स्पंजची टोपी. नटाने खाली वाकून माइकसाठी बोलायचं नाही. समोरच्या शेवटच्या माणसासाठी बोलायचं, माइक आपलं काम करतो.

एप्रिलमध्ये नागपुरात दिवसा पारा चाळिशी ओलांडतो. जमीन सातनंतरही तापलेली असते, नट अनवाणी असतील तर दुपारीच पाणी मारून घ्या. साडेसातला सुरू करा. ध्वनिक्षेपकाची परवानगी पोलीस ठाण्यातून आधी काढा, आणि रात्री दहानंतर तो वाजवता येत नाही हे लक्षात ठेवा. त्या दिवशी मिरवणुकांचा आवाज असतो, म्हणून शक्य असेल तर प्रयोग १३ ला किंवा १५ ला ठेवा. या एकांकिकेत शांतता हवी. शेजारून ढोल वाजत असताना तिचा बळी जातो.

दिव्यांसाठी पाचशे वॅटचे दोन हॅलोजन, दोन्ही बाजूंना आठ-नऊ फुटांवर, थोडे खाली झुकलेले. एकच दिवा समोरून लावला तर चेहरे सपाट दिसतात आणि नटाचे डोळे दिपतात. वायर प्रेक्षकांच्या पायात येऊ देऊ नका.

पाण्याचं भांडं खरं असू द्या आणि त्यात खरं पाणी असू द्या. १९२७ च्या महाडच्या सत्याग्रहापासून पाण्याचा हा प्रश्न ज्यांच्या घरात सांगितला गेला आहे, त्यांच्यापुढे रिकामा तांब्या तोंडाला लावायचा नाही. नट खरंच पाणी पितो तेव्हा त्याच्या घशाची हालचाल दिसते. त्या नाटकात तेवढीच मोठी गोष्ट आहे.

‘वाडा चिरेबंदी’ बसवतो आहोत. आम्ही नागपूरचेच, तरी वऱ्हाडी खोटी वाटते असं परीक्षक म्हणाले. – हौशी नाट्यसंस्था, महाल

कारण तुम्ही नागपुरी बोलता. शहरातली आपली बोली हिंदीत मिसळलेली आहे. नाटकाचे लेखक महेश एलकुंचवार यवतमाळ जिल्ह्यातल्या पारव्याचे, आणि त्यांचं धरणगावचं देशपांडे कुटुंब खेड्यातलं, उतरलेल्या ऐश्वर्याचं आहे. त्यांच्या बोलण्यात ठसका कमी, थकवा जास्त. ‘काय बे’चा सूर तिथे चालत नाही. संहितेत जे लिहिलंय तेच बोला, आपल्या सवयीची भर घालू नका. यवतमाळ-वाशीमकडच्या एखाद्या वयस्क बाईकडून आईचे आणि वहिनीचे संवाद वाचून घ्या आणि ध्वनिमुद्रण ऐकत पाठ करा. मुंबईहून आलेल्या सुधीरची आणि अंजलीची भाषा जाणूनबुजून वेगळी ठेवा, त्या फरकात नाटक आहे. आणि बोलीवर हशा आला तर पुढच्या तालमीत तो सूर खाली आणा. १९८५ मध्ये विजया मेहतांनी हे नाटक मुंबईत उभं केलं तेव्हा विदर्भाबाहेरच्या प्रेक्षकाने ही बोली गंभीरपणे ऐकली. घरच्या माणसांनी तिला गमतीत काढू नये.

शहरातलं सामाजिक नाटक झाडीपट्टीत चालेल का? – नाट्यनिर्माता, नागपूर

चालतं, पण शहरातल्या आकारात नाही. झाडीपट्टी हा पूर्व विदर्भातला भाग. वडसा, म्हणजे देसाईगंज, हे तिथल्या नाट्यमंडळ्यांचं केंद्र. हंगाम दिवाळीनंतर मंडई (गावजत्रा) आणि शंकरपटांबरोबर (बैलांच्या शर्यती) सुरू होतो आणि होळीपर्यंत चालतो. प्रयोग रात्री उशिरा सुरू होऊन पहाटेपर्यंत जातो. दीड तासाचं नाटक घेऊन गेलात तर तिकीट काढून आलेल्या माणसाला ती फसवणूक वाटेल. गाणी, विनोदी पात्र आणि मोठ्या आवाजातला, मागच्या माणसापर्यंत जाणारा अभिनय लागतो. तिथल्या नटांना कमी लेखू नका. झाडीपट्टीच्या परशुराम खुणेंना २०२३ मध्ये पद्मश्री मिळाली, आणि व्यसन, हुंडा, अंधश्रद्धा हे विषय या रंगभूमीने गावोगाव नेले आहेत. आपलं नाटक जसंच्या तसं नेण्यापेक्षा तिथल्या मंडळीला संहिता द्या, लेखकाला सोबत बसवा आणि त्यांच्या नटांना बसवू द्या. करार हंगामापूर्वी, पावसाळ्यातच करा. दिवाळी जवळ आली की मंडळ्यांच्या तारखा भरलेल्या असतात.